आरोग्य प्रश्नोत्तरे : जागरण आणि पुन्हा पुन्हा येणारं आजारपण

रब्बीचं ओलित सुरू झालं की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत दोन तक्रारी हमखास जोडीनं येतात. रात्रीची झोप होत नाही, आणि सर्दी, खोकला, ताप घर सोडत नाही. या दोन्हींचा संबंध खरा आहे. मात्र "झोप झाली नाही म्हणून आजारी पडलो" एवढ्यावर तो संपत नाही. म्हणून यावेळी फक्त याच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे ओलिताची लाईन (वीज) एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात साडेबारा ते सकाळी साडेआठ. गहू आणि हरभरा दोन्ही असल्यानं रात्र वावरातच काढावी लागते. तो आठवडा संपता संपता सर्दी होते आणि घसा धरतो, हे दोन हिवाळे पाहतो आहे. शेजारी म्हणतात, गार पाण्यात पाय राहतात म्हणून. डॉक्टर म्हणाले, झोप कमी पडते. खरं कारण कोणतं? आणि लाईनच रात्रीची असेल तर माणसानं झोपावं कधी?
— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, सर्दी विषाणूमुळेच होते. विषाणू नसेल तर नुसत्या गारठ्यानं किंवा नुसत्या जागरणानं सर्दी होत नाही. पण विषाणू नाकात शिरल्यावर माणूस आजारी पडणार की नाही, हे ठरवण्यात झोपेचा वाटा फार मोठा आहे, आणि तो मोजला गेला आहे.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली 153 निरोगी माणसांची आधी दोन आठवडे रोजची झोप नोंदवली. मग त्यांना वेगळं ठेवून नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. विषाणू सगळ्यांनाच दिला होता, आजारी मात्र सगळे पडले नाहीत. सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांपेक्षा सर्दी होण्याची शक्यता जवळपास तिप्पट निघाली. 2015 साली 164 जणांवर असाच प्रयोग झाला. त्यात झोप तोंडी विचारली नाही, मनगटावर यंत्र बांधून मोजली. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत ही शक्यता चौपटीहून अधिक होती. वय, वजन, तंबाखू, मनावरचा ताण हे सगळं हिशेबात घेऊनही फरक टिकला.

असं का होतं? रात्रीच्या पहिल्या काही तासांत जी गाढ झोप लागते, तेव्हा कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सर्वांत खाली असतं आणि वाढीचं संप्रेरक वर असतं. रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, या वेळी मान, काख, जांघ इथल्या लसिका गाठींकडे जातात आणि तिथे त्यांना नव्या जंतूची ओळख करून दिली जाते. ओळख पटल्याशिवाय त्या जंतूविरुद्धची फौज तयार होत नाही. जंतू लागलेल्या पेशीला टी-पेशी चिकटावी लागते, तरच ती तिला मारू शकते. जागरणात ॲड्रेनालिन वाढलेलं राहतं आणि ही चिकटण्याची ताकद कमी होते. विषाणू लागलेल्या पेशी मारणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. एका रात्री चारच तास झोप मिळाली तरी दुसऱ्या दिवशी त्यांचं काम मंदावलेलं दिसतं.

तुमचे शेजारीही अगदी चुकीचे नाहीत. सर्दीचा विषाणू 37 अंशांपेक्षा 33 ते 35 अंशांत जास्त जोमानं वाढतो, आणि गार हवेत नाकाच्या आतलं तापमान तेवढंच उतरतं. म्हणून रात्री दांडावर उभं राहताना कान आणि नाक दुपट्ट्यानं झाकून घ्या. पायांना गमबूट घालाच. त्यानं सर्दी टळेल म्हणून नव्हे, तर विंचू-सापापासून आणि चिखल्यांपासून जपण्यासाठी.

आता झोपायचं कधी, ते बघू. रात्रीच्या आठवड्यात सलग आठ तास मिळणार नाहीत, तेव्हा झोपेचे दोन तुकडे करा, पण दोन्ही ठरलेल्या वेळेला. संध्याकाळी साडेसहाला जेवण, साडेसातला अंथरूण, बाराचा गजर. हे चार ते साडेचार तास झाले. या वेळी झोप लागत नाही असं बहुतेक जण सांगतात. पहिल्या दोन दिवशी लागणारही नाही, तरी अंधारात पडून राहा, तिसऱ्या दिवसापासून लागू लागते. सकाळी साडेआठला मोटर बंद झाल्यावर बांधावर गप्पा मारत उन्हात बसू नका. डोक्यावर टोपी किंवा दुपट्टा पुढे ओढून घरी या, कारण सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूला दिवस उजाडल्याची खूण पटते आणि आलेली झोप उडते. हलकं खाऊन साडेनऊ ते साडेबारा पुन्हा झोपा. एकूण सात तास होतात. खिडकीला जाड चादर किंवा पोतं लावून खोली शक्य तेवढी काळोखी करा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरच्यांना ही वेळ सांगून ठेवा. ही तीन तासांची झोप आळस समजून मोडली जाते, तिथेच सगळं बिघडतं. रात्री पाणी देणाऱ्या माणसाची सकाळ ही त्याची रात्र आहे, हे घरातल्या प्रत्येकानं मान्य करायला हवं.

चहा सुरुवातीला प्या, शेवटी नको. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात उरतो. एक वाजता वावरात घेतलेला कप चालेल, तीनच्या पुढे मात्र नको. पहाटे पाचचा चहा सकाळची झोप खातो.

आठवडा संपला त्या सकाळी दोनच तास झोपून उठा आणि रात्री नऊला अंथरुणावर जा, म्हणजे दिवसाच्या पाळीला शरीर लवकर रुळतं. बुडालेली झोप एका रात्रीत भरून निघत नाही, तीन-चार रात्री नीट झोपावं लागतं. त्या दिवसांत लग्नाच्या वऱ्हाडाचं किंवा भजनाचं जागरण अंगावर घेऊ नका. झोप झालेली नसताना फवारणीचा पंपही पाठीवर घेऊ नका, मिश्रण करताना आणि वाऱ्याची दिशा बघताना चूक होते.

ऑटो स्विचनं मोटर आपोआप सुरू होते, पण पाणी फोडायला किंवा स्प्रिंकलरचे पाईप बदलायला माणूस लागतोच. शेजारच्या वावरवाल्याशी बोलून एका रात्री तुम्ही दोघांचं पाणी पाहायचं, दुसऱ्या रात्री त्यांनी, असं जमवता आलं तर आमच्या मते याहून चांगला उपाय नाही. एक रात्र जागून दुसऱ्या रात्री पूर्ण झोपलेला माणूस सात रात्री तुकड्यांत झोपणाऱ्यापेक्षा बरा राहतो.

एक गोष्ट मात्र झोपेवर ढकलू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला किंवा वजन उतरलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. क्षयाची ही तपासणी आणि उपचार तिथे मोफत आहेत.

प्रश्न : आमचं गाव जंगलाला लागून आहे. मच्छरदाणी मिळाली आहे, पण तिच्यात गुदमरल्यासारखं होतं आणि झोप लागत नाही, म्हणून घरचे ती बाजूला टाकतात. चांगली झोप झाली तर अंगातली ताकद वाढून मलेरिया होणार नाही, असं माझ्या दिरांचं म्हणणं आहे. हे बरोबर आहे का?
— एक गृहिणी, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : नाही ताई, हे धोक्याचं आहे. मलेरियाचा जंतू ॲनोफिलिस डासाची मादी चावल्यानं थेट रक्तात जातो, आणि ती चावते सूर्यास्त ते पहाट या वेळात. कितीही छान झोपलेला माणूस तिच्या चाव्यापासून सुटत नाही. उलट गाढ झोपलेल्याला डास चावल्याचं कळतही नाही. झोप आणि मच्छरदाणी यांत एकच निवडायची वेळ आली तर मच्छरदाणी निवडा. पण तशी वेळ येऊ नये यासाठी थोडी खटपट करता येते.

गुदमरल्यासारखं होतं ते बहुतेक वेळा दाणी बुटकी बांधल्यामुळे. चारही कोपरे उंच बांधा, छत अंगापासून किमान चार-साडेचार फूट वर राहील असं. दाणी अंगाला चिकटता कामा नये, कारण कापडाला टेकलेल्या कोपरातून किंवा पायातून डास बाहेरूनच चावतो. पंखा असेल तर तो दाणीच्या बाहेर पायाकडे ठेवा. छताच्या पंख्याचा वारा जाळीतून कमी उतरतो, बाजूच्या पंख्याचा बराच येतो. खालची कड गादीखाली किंवा चटईखाली सगळ्या बाजूंनी खोचा, ती नुसती लोंबकळत ठेवू नका. हे खोचणं आणखी एका कारणासाठी मोलाचं आहे. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, तेही अनेकदा न दुखता. खोचलेली दाणी आणि शक्य असेल तर बाज किंवा खाट, यांनी तो धोका बराच टळतो.

सरकारकडून मिळते ती औषध लावलेली दाणी असते. नवी असताना एक दिवस सावलीत पसरून ठेवा, मग वापरा. गार पाण्यात साध्या साबणानं हलक्या हातानं धुवा. घासू किंवा आपटू नका आणि वाळवताना उन्हात घालू नका, उन्हानं औषध उतरतं. अशी दाणी साधारण वीस धुण्या किंवा तीन वर्षं काम देते. महिन्याला धुतली तर औषध दोन वर्षांच्या आतच संपतं, म्हणून तीन महिन्यांतून एकदा पुरे. भोक पडलं तर लगेच शिवा.

कडुनिंबाचा धूर किंवा बंद खोलीतली कॉईल हा दाणीला पर्याय नाही. त्या धुरानं नाक आणि श्वासनलिका चुरचुरतात, लहान मुलं रात्रभर खोकतात, म्हणजे झोपही जाते आणि छातीचं दुखणंही ओढवतं.

ताप आला तर "झोपून बघू, उतरेल" असं करू नका. आशाताईकडे किटवर रक्त तपासता येतं, त्याच दिवशी तपासून घ्या. फॅल्सिपेरम प्रकारचा मलेरिया एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तापात ग्लानी आली, हाक मारली तर ओ देईना, तर ती झोप नव्हे. लगेच 108 ला फोन करा. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर कोणत्याही तापाला एक दिवसही थांबू नका.

प्रश्न : पऱ्हाटीत आणि हरभऱ्यात डुकरं आणि रोही येतात, म्हणून मी दिवाळीपासून रोज जागलीला जातो. झोप येऊ नये म्हणून रात्रीतून चार-पाच खर्रे (सुपारी-तंबाखूचे) होतात. पायाला पऱ्हाटीचं खुंट लागलं त्याला तीन आठवडे झाले, जखम अजून ओली आहे. जागरणामुळे जखम भरत नाही का? वय 46.
— एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : जागरणानं जखम भरायला वेळ लागू शकतो. पण तीन आठवडे ओली राहिलेली जखम पाहून आम्ही झोपेच्या आधी दुसऱ्या चार गोष्टी तपासू, आणि तुम्हीही याच आठवड्यात त्या तपासून घ्या.

पहिली, रक्तातली साखर. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त निघाली तर मधुमेहाची शक्यता धरून पुन्हा तपासावं लागतं. झोपेशी याचा सरळ संबंध आहे. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेनंही इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, आणि महिनोन्‌महिने जागणाऱ्याची साखर वाढत जाते. वाढलेल्या साखरेत जंतू फोफावतात आणि पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. दुसरी, जखमेच्या आसपास सुन्नपणा आहे का. डोळे मिटून कापसाचा बोळा पायावर फिरवायला सांगा. स्पर्श कळत नसेल, किंवा अंगावर फिकट सुन्न चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. आपल्या भागात तो अजून आहे आणि लवकर कळला तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. तिसरी, खुंटाचा तुकडा आत राहिला आहे का. तसं असेल तर वरून भरून आलेली जखम पुन्हा फुटते. चौथी, धनुर्वाताचं इंजेक्शन. मातीनं माखलेल्या जखमेत मागचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर तो पुन्हा घ्यावा लागतो. जखम रोज स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुऊन कोरड्या पट्टीनं झाका. चुना, राख, डिझेल, तंबाखू यांतलं काहीही लावू नका.

आता खर्रा. निकोटिन जागं ठेवतं हे खरं, पण पहाटे घरी येऊन आडवं झाल्यावरही ते अंगात असतं आणि झोप वरवरची लागते. शिवाय ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे पायाच्या जखमेला रक्त कमी पोचतं. तोंडाच्या कॅन्सरबद्दल तुम्हाला माहीत असेलच. रात्री तीननंतरचा खर्रा आधी बंद करा, तिथून सुरुवात होते. झोप आवरेना तेव्हा उठून बांधावर एक फेरी मारा, तोंडावर गार पाणी मारा. तरीही आवरत नसेल तर वीस मिनिटांचा गजर लावून डुलकी घ्या. वीस मिनिटांची डुलकी माणसाला खरोखर ताजं करते, तासाभराची मात्र गुंगी आणते.

जागलीची वाटणी करता येते का, ते बघा. आजूबाजूच्या चार वावरवाल्यांनी मिळून पाळ्या लावल्या तर प्रत्येकाला चौथ्या रात्री जागावं लागतं. तेवढे लोक नसतील तर दोघांनी रात्र वाटून घ्या. एक जण नऊ ते दोन झोपेल, दुसरा दोन ते सात. पाळ्या रोज बदलू नका, शरीराला वेळ ठरलेली लागते. ज्याला पहाटे चांगली झोप लागते त्यानं झोपेची दुसरी पाळी घ्यावी, ज्याचे डोळे आठलाच मिटतात त्यानं पहिली. दोघांनीही दुपारी दीड तास झोपावं.

जागलीवर झोपताना अंथरूण गवतावर टाकू नका, माळ्यावर किंवा बाजेवर टाका. गवतातल्या बारीक कीटकाच्या चाव्यानं स्क्रब टायफस होतो. विदर्भात 2018 साली त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. पावसाळा सरता सरता त्याचा जोर असतो. चार-पाच दिवस ताप, डोकेदुखी, मलेरियाची तपासणी कोरी, आणि काखेत, जांघेत किंवा कमरेला भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना ती खपली दाखवा आणि जागलीला जातो हेही सांगा. खपली दुखत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. योग्य गोळी वेळेवर मिळाली तर ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, उशीर झाला तर फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं धरली जातात.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. रात्री अकरापर्यंत मोबाईल, सकाळी सहाला उठवावं लागतं. महिन्याआड सर्दी आणि टॉन्सिल. तोंड उघडं टाकून घोरतो. प्रतिकारशक्तीचं कोणतं टॉनिक द्यावं?
— एक आई, मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : टॉनिक नको. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते, तुमच्या मुलाला सात मिळते. (तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह 10 ते 13 तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास लागतात. दहावी-बारावीच्या मुलांना पहाटे चारला उठवणाऱ्या पालकांनीही हा आकडा लक्षात घ्यावा.)

पण सगळा दोष मोबाईलला देण्याआधी घोरण्याकडे बघा. नाकाच्या मागची ॲडेनॉइडची गाठ सुजली की मूल तोंडानं श्वास घेतं आणि घोरतं, रात्रीत अनेकदा त्याचा श्वास अडतो आणि झोप तुटते. मग ते नऊ तास अंथरुणात असलं तरी झोप पुरेशी होत नाही. नाकानं गाळून, ओली करून घ्यायची हवा थेट घशात जाते, घसा कोरडा पडतो आणि टॉन्सिल पुन्हा सुजतात. हे चक्र टॉनिकनं तुटत नाही. रात्री तो झोपलेला असताना दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्वास थांबतो, छाती आत ओढली जाते, मान मागे टाकून झोपतो, अंथरूण ओलं करतो, यातलं काही असेल तर तेही सांगा.

जंतही विसरू नका. सुतासारखे पांढरे कृमी रात्री गुदद्वाराशी येतात, खाज सुटते आणि मूल तळमळतं. शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक दिवशी मिळणारी अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी चुकवू नका. खाजेची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतं. नखं कापा, सकाळी चड्डी आणि चादर धुवा.

झोपेची वेळ एकदम अकरावरून नऊवर आणू नका, मूल जागंच पडून राहील. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या, साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत नऊ वाजतात. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. मोबाईल झोपेच्या तासभर आधी बंद, आणि हा नियम घरातल्या मोठ्यांनाही. बाबांचा मोबाईल चालू असताना मुलाचा बंद होत नाही.

लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा साधी सर्दी होणं हे नेहमीचं आहे, ती घाबरायची गोष्ट नाही.

प्रश्न : मी उपजिल्हा रुग्णालयात रात्रपाळी करते. कावीळ बी ची लस सुरू करायची आहे. झोप न झालेल्या दिवशी घेतली तर लस लागू पडत नाही असं ऐकलं.
— एक परिचारिका, जि. गोंदिया

उत्तर : "लागू पडत नाही" हे जास्तच झालं. फ्लूच्या लसीवर 2002 साली झालेल्या एका अभ्यासात सलग काही रात्री चारच तास झोपलेल्या तरुणांमध्ये दहा दिवसांनी प्रतिपिंडं (लसीमुळे रक्तात तयार होणारी, जंतूला अडवणारी द्रव्यं) निम्म्याहून कमी भरली, पण तीन-चार आठवड्यांनी तो फरक उरला नव्हता. कावीळ बी च्या लसीवर 2012 साली 125 जणांवर झालेल्या अभ्यासात सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना तीन डोसांनंतरही पुरेसं संरक्षण न मिळण्याचा धोका जास्त दिसला. कावीळ ए च्या लसीनंतरची रात्र झोपून काढणाऱ्यांची प्रतिपिंडं जागणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाली, पण तो अभ्यास फार थोड्या लोकांचा होता.

म्हणून डोस (0, 1 आणि 6 महिने) साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी किंवा दिवसपाळीच्या आठवड्यात घ्या आणि त्या रात्री पूर्ण झोपा. जमलं नाही तर डोस पुढे ढकलू नका, सुई लागण्याचा धोका तुमच्या कामात रोजचा आहे. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासा. 10 एककांहून कमी निघाली तर पुन्हा डोस द्यावे लागतात. ही तपासणी रात्रपाळीवाल्यांनी तरी चुकवू नये.

हे सगळं वेळ निवडता येणाऱ्या लसींपुरतं. कुत्रा चावल्यावर झोप झाली की नाही हे बघायचं नसतं. जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन घ्या.

आणखी एक. तुम्ही दिवसा झोपता. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी जास्त. दिवसा झोपणाऱ्यानं दिवसाही मच्छरदाणी लावावी.

प्रश्न : सर्दी-तापात झोप लागावी म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी घेतली तर चालेल का? आमच्याकडे काही जण थोडी मोहाची घेतात.
— एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : दोन्ही नको. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते, आणि दारू स्वतःच फुफ्फुसांची जंतूंशी लढण्याची ताकद कमी करते. झोपेच्या गोळीनं म्हाताऱ्या माणसांत आणि दम्याच्या रुग्णांत श्वास मंदावतो, खोकून कफ बाहेर टाकणं कमी होतं, रात्री लघवीला उठताना तोल जातो. तापात पॅरासिटामॉल (मोठ्यांना 500 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर), गरम पाण्याची वाफ, डोक्याखाली दोन उशा आणि भरपूर पाणी एवढं पुरतं. संसर्गात शरीर स्वतःच झोप मागतं, पांढऱ्या पेशींतून बाहेर पडणारी द्रव्यंच मेंदूला तसं सांगतात. तेव्हा दिवसा झोप आली तर झोपा, कामाला उठू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात 45-46 अंश असतं. कूलर लावला तरी रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि दर मे महिन्यात घरात कोणाला ना कोणाला ताप. काय करावं?
— एक वाचक, वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो, म्हणून दोनपर्यंत डोळा लागत नाही. गच्चीवर संध्याकाळी सहाला पाणी मारा, एकदाच नव्हे तर अर्ध्या तासानं पुन्हा. टिनाचं छत असेल तर त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसरून ओल्या करा, चुलीपासून मात्र दूर. कूलर खिडकीत बसवा आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा. बंद खोलीत कूलर लावला की हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि जास्तच उकडतं. झोपण्याआधी साध्या पाण्यानं अंघोळ करा, बर्फाच्या नको. अंगणात किंवा गच्चीवर झोपत असाल तर दाणी लावूनच.

तापाचं मूळ अनेकदा कूलरच्या टाकीत असतं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी कूलरची टाकी, रांजण, ड्रम, गुरांची टाकी रिकामी करून आतल्या कडा काथ्यानं घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी ओतून दिल्यानं जात नाहीत. टाकी उन्हात पूर्ण कोरडी करून मगच भरा. उन्हाळा संपल्यावर कूलर ठेवून देतानाही हेच करा, नाहीतर पुढच्या वर्षी पाणी पडताच तीच अंडी फुटतात.

प्रश्न : वय 71. रात्री नऊला झोपतो, तीनला जाग येते, मग झोप नाही. माझी प्रतिकारशक्ती संपली असेल का?
— आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नाही, काका. नऊ ते तीन ही सहा तासांची झोप झाली. दुपारी अर्धा-पाऊण तास डोळा लागत असेल तर तुमच्या वयाला ती सातच्या जवळ जाते. दिवसभर ताजं वाटत असेल, बसल्या बसल्या डुलक्या येत नसतील, तर काही करायची गरज नाही. जाग जास्त उशिरा यावी असं वाटत असेल तर संध्याकाळी साडेपाच-सहाला अर्धा तास उजेडात फिरा आणि रात्री नऊऐवजी दहाला आडवे व्हा.

लघवीसाठीच जाग येत असेल तर किती वेळा, हे एक आठवडा वहीत लिहा. रात्रीतून तीनदा किंवा जास्त उठावं लागत असेल तर साखर आणि प्रोस्टेट दोन्ही तपासा. तुमच्या वयात खरं संरक्षण लसींचं आहे. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्या. फ्लूची लस पावसाळ्यापूर्वी, मे-जूनमध्ये घेतलेली बरी, कारण आपल्याकडे फ्लूची एक लाट पावसाळ्यात आणि दुसरी थंडीत येते.